न आलेला ताप

टेक्सासमधल्या आमच्या फ्रिस्कोमध्ये एप्रिल आल्याचं मला कॅलेंडरच्या आधी नाकाला कळतं. एका शनिवारी सकाळी आमच्या गल्लीत ट्रक येतो, चार माणसं उतरतात आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी मल्च पसरून जातात. मल्च म्हणजे लाकडाचा काळपट चुरा, तण दाबायला आणि ओल धरायला घालतात तो. त्याला ओल्या लाकडाचा, जरासा आंबूस वास येतो. माझा नवरा केदार नाक मुरडत खिडक्या लावून घेतो. आमची सहा वर्षांची सई "मम्मा, इट स्टिंक्स" म्हणत आत पळते. मी मात्र काहीतरी निमित्त काढून गॅरेजचं दार उघडते आणि तिथेच घुटमळते. गेली आठ वर्षं या वासाबरोबर मला एकच माणूस आठवायचा आणि स्वतःची लाज वाटायची. यंदा पहिल्यांदाच ती वाटली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी नागपूरकडची. परीक्षा आणि ऊन ही आमच्याकडे सख्खी भावंडं. कूलरमधल्या वाळ्याचा वास, पेपर लिहिताना मनगटाखाली ओला होणारा कागद, डोक्यातोंडाला गुंडाळलेला दुपट्टा, परतीच्या वाटेवरची रसवंती आणि तिथल्या घुंगरांचा आवाज. त्यामुळे ओहायोतल्या त्या विद्यापीठाच्या गावात परीक्षेचे दिवस आले की मला ते खरेच वाटायचे नाहीत. बाहेर जेमतेम बर्फ वितळलेलं, अंगावर जाकीट, हिरवळीवर राखी रानहंस पिल्लांची रांग घेऊन हिंडतायत आणि वाटेत येणाऱ्या विद्यार्थ्यांवर फिस्कारतायत. लायब्ररीत फुकट कॉफी, आणि ताण हलका व्हावा म्हणून कुरवाळायला आणून बसवलेली शहाणी कुत्री. कुत्र्याला कुरवाळून गणित सुटतं का, असं बाबांनी फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं, सुटत नाही, पण न सुटल्याचं दुःख कमी होतं. बाबांना ते पटलं नाही.

मी तिथे सार्वजनिक धोरण शिकत होते. म्हणजे सरकारं कशी चालतात आणि बहुधा कशी चालत नाहीत, याचा अभ्यास. फी माफ व्हावी म्हणून टीए झाले होते. टीए म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखाली पेपर तपासणारा, हजेरी घेणारा आणि प्रोजेक्टर रुसला की धावणारा विद्यार्थी. शेवटच्या सत्रात मला एका पाहुण्या प्राध्यापकांचं काम मिळालं. ते नाझमी सर. पॅलेस्टाइनमध्ये, वेस्ट बँकेतल्या एका मध्यम गावाचे ते नऊ वर्षं नगराध्यक्ष होते, मग जेमतेम वर्षभर मंत्री, मग वरच्यांशी न पटल्यामुळे काहीच नाही. शिकवायचा विषय होता राज्यकारभार आणि परकीय मदत. बाकीचे विद्यार्थी त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे. माझी जीभ काही वळेना, मी 'सर'च म्हणत राहिले. ते एकदा हसून म्हणाले, नगराध्यक्ष असताना मला गावात बरंच काय काय म्हणायचे, त्या मानाने 'सर' बरं आहे.

पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. गोष्ट सांगितली. त्यांच्या गावाला एका श्रीमंत देशाने दवाखाना बांधून दिला. देखणी इमारत, दाराशी संगमरवरी पाटी, पाटीवर देणाऱ्याचा झेंडा. उद्घाटनाला राजदूत आले, लहान मुलींनी फुलं दिली. "मी आभाराचं मोठं भाषण केलं," सर म्हणाले, "आणि घरी आल्यावर बायकोने विचारलं, तो झाडणार कोण?" करारात भिंती होत्या, यंत्रं होती, डॉक्टरांसाठी परदेशातलं प्रशिक्षण होतं. झाडणाऱ्या बाईचा पगार नव्हता. तिसऱ्या वर्षी एक्स-रेचं यंत्र बंद पडलं, कारण त्याचा सुटा भाग फक्त त्याच देशात मिळायचा. पाचव्या वर्षी चकचकीत अशी ती पाटीच तेवढी उरली. तेव्हापासून त्यांनी नियम केला. कुणी काहीही द्यायला आलं की चहा पाजायचा आणि विचारायचं, पाचव्या वर्षी झाडू कोण मारणार? उत्तर नसेल तर चहा झाला की रामराम. "बरेच लोक नुसता चहा पिऊन गेले," ते म्हणाले, आणि हजेरीचा कागद माझ्याकडे सरकवला.

मदत वाईट असते असं ते कधी म्हणाले नाहीत. युद्धात घर पडलेल्याला, उपाशी लेकराला मदत लागते आणि ती घेताना लाजायचं कारण नसतं, हे ते ठासून सांगायचे. त्यांचं भांडण वेगळ्या मदतीशी होतं. मला ते ऐकताना आमच्याकडची लग्नाची पंगत आठवायची. आग्रह करणारा येतो, पानात जागा आहे का न बघता जिलबी टाकतो आणि पुढे सरकतो. जेवणाऱ्याला हवा असतो भात, पण याच्या हातात जिलबीचं ताट. हे मी सरांना सांगितलं तर त्यांनी ते वहीत टिपून घेतलं आणि पुढच्या तासाला माझ्या नावानिशी सांगितलं. जिलबी समजावताना मात्र ते दहा मिनिटं अडकले, कारण तसंच काहीतरी त्यांच्याकडेही असतं आणि ते आमच्यापेक्षा चांगलं असतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मी त्यावर वाद घातला नाही, फीमाफीसाठी मला त्यांच्या सहीची गरज होती.

त्यांचा सगळ्यात लाडका मुद्दा शिव्यांचा. लोक पाणीपट्टी भरतात, म्हणून नळाला पाणी आलं नाही की नगराध्यक्षाच्या दारात उभे राहून शिव्या घालतात. तो त्यांचा हक्क असतो. गाव परक्याच्या पैशावर चालायला लागलं की शिव्या बंद होतात. लोकांना वाटतं, याच्या हातात आहेच काय, याला बोलून उपयोग काय? आणि नगराध्यक्षही लोकांकडे बघत नाही, तो अहवाल लिहीत बसतो, दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याने दिलेल्या तारखेच्या आत. "एका म्हातारीने मला भर बाजारात पाण्यावरून झापलं," ते म्हणाले, "त्या दिवशी मी घरी जाऊन सांगितलं, आता आपलं गाव झालं." वर्ग हसला. मला हसू आलं नाही, घर आठवलं. माझे बाबा नागपूरजवळच्या एका नगरपरिषदेत पाणीपुरवठा विभागात कारकून होते. उन्हाळ्यात दाराची कडी वाजली की आई आधी खिडकीतून बघायची, पाहुणा आहे की पाण्यावरून भांडायला कुणी आलंय. भांडायला आलेल्यालाही ती माठातलं पाणी द्यायचीच.

वर्गात लीना नावाची मुलगी होती. तिचे आजी-आजोबा पॅलेस्टाइनमधून आलेले, ती स्वतः मिशिगनमध्ये जन्मलेली. ती सरांवर कायम चिडलेली असायची. एकदा ती उभीच राहिली. "तुम्ही झाडूबद्दल बोलता," ती म्हणाली. "रस्त्यावरची चौकी परक्या सैन्याची, तुमच्या लोकांच्या कराची किल्ली त्यांच्याच हातात, आणि तुम्ही पाणीपट्टीचं कौतुक सांगता. तुम्ही पिंजरा स्वच्छ ठेवलात, एवढंच."  सरांनी आधी तिचं वाक्य वहीत टिपून घेतलं. "हा आरोप खरा असू शकतो," ते म्हणाले. "मी त्यावर अजून विचार करतो आहे. पण स्वातंत्र्याची वाट बघणाऱ्याच्या घरीही कचरा साचतो, आणि तो रोज साचतो." लीनाचं समाधान झालं नाही. तिने पेपरातही तसंच लिहिलं. मी तपासताना हात जरा आखडता घेतला होता. सरांनी माझे गुण खोडून तिला वर्गात सगळ्यात जास्त दिले.

त्या गावात महिन्यातून एकदा भर दुपारी वादळाचा भोंगा वाजायचा. खरं वादळ नसायचं, भोंगा चालतो की नाही याची ती तपासणी. पहिल्या वेळी मला वाटलं, आता सर दचकतील. त्यांच्या गावात भोंग्याचा अर्थ काय असेल याची मी आपली कल्पना केली होती. त्यांनी शांतपणे मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "बरोबर बारा," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हेवा होता. कुठलाही नेता आला-गेला तरी दर महिन्याला कुणीतरी ते बटण दाबतं, यालाच ते राज्य म्हणायचे. पुढे पुढे मलाही भोंगा वाजला की घड्याळ बघायची सवय लागली.

सत्र संपता संपता विभागाने सरांचं एक जाहीर व्याख्यान ठरवलं. ओळख करून द्यायला सरांनी माझं नाव सुचवलं. आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की प्रास्ताविक आलं, पाहुण्यांचा परिचय आला, आभार आले आणि शाल-नारळ आला. शाळेपासून ही कामं माझ्याच गळ्यात, त्यामुळे मी हौसेने दोन पानी परिचय लिहिला. सरांनी तो वाचला. "यातलं अर्धं कौतुक आहे, ते काढ. उरलेलं खरं आहे, ते थोडं कमी कर," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोस्टर लागलं. वर सरांचा फोटो, खाली बारीक पण स्पष्ट अक्षरात मृण्मयी हे माझं नाव. अमेरिकेत पहिल्यांदाच कुणी ते न चुकवता छापलं होतं. मी पोस्टरचा फोटो काढून आईला पाठवला.

मग पत्रं यायला लागली. काहींचं म्हणणं, या माणसाला विद्यापीठात बोलूच देऊ नका. काहींचं अगदी उलट, हा माणूस परक्यांच्या पैशावर मोठा झाला, याला आम्ही बोलू देणार नाही. विभागाने कार्यक्रम रद्द केला नाही, पण दाराशी पोलीस ठेवायचं ठरलं. मी विद्यार्थी व्हिसावर होते. पुढच्या महिन्यात पदवी, मग नोकरीच्या परवान्याचा अर्ज. त्या वर्षी आम्हा व्हिसावाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवी अफवा असायची. कुणाला विमानतळावर थांबवलं, कुणाच्या जुन्या पोस्ट तपासल्या. खरं किती, खोटं किती, कुणालाच माहीत नाही, आणि माहीत नसल्यामुळे सगळंच खरं वाटायचं.

माझी रूममेट प्राजक्ता पुण्याची, अत्यंत व्यवहारी. "यार, फोटो निघणार, कुठेतरी अपलोड होणार," ती म्हणाली. "तुझं ॲप्लिकेशन अडकलं तर तुझे नाझमी सर येणारेत का सोडवायला? नाव रिमूव्ह करायला सांग ना. सिंपल." मी बाबांना फोन लावला. मला वाटतं, मला मनातून त्यांनी 'घाबरू नको' म्हणावं असं हवं होतं.

"काहून पडते त्या भानगडीत?" बाबा म्हणाले. "माणूस चांगला असंल, नाही म्हणत नाही मी. पण वादाची फाइल टेबलावर आली ना बाई, का त्या दिवशी रजा टाकायची. ताप आला म्हणायचं. तापाले कोणी पुरावा मागत नाही."

बाबांना नोकरीत असे ऐन मोक्याला आलेले दोन-तीन ताप मला पक्के आठवतात. सकाळी शिपाई रजेचा अर्ज घेऊन जायचा आणि दुपारी आई त्यांना गरम भजी करून द्यायची. एकदा एक टेंडर होतं, एकदा कुणाचं तरी बेकायदा नळजोडणीचं प्रकरण. बाबांनी पैसे कधी खाल्ले नाहीत. कुणाला अडवलंही नाही. फक्त त्या दिवशी ते जागेवर नव्हते. आमच्या घरात यालाच शहाणपण म्हणायचे, आणि लेकीने ते सातासमुद्रापार नेलं.

विभागाच्या ऑफिसात डेबी नावाच्या बाई होत्या. मी त्यांना म्हटलं, माझं नाव काढता येईल का? त्यांनी कारण विचारलं नाही. दोन मिनिटांत नवीन पोस्टर छापून निघालं. त्यांनी विचारलं असतं तर मी कदाचित थांबले असते, असं मी पुढे स्वतःला बरेच वेळा सांगितलं. ते खरं नाही. मी ठरवूनच गेले होते.

व्याख्यानाच्या दिवशी सकाळी मी सरांना ईमेल लिहिलं. अचानक ताप आला, क्षमस्व, परिचय सोबत जोडला आहे. मग दिवसभर पलंगावर बसून राहिले. खिडकीखाली माणसं मल्च पसरत होती आणि तो वास खोलीत भरला होता. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. साडेपाचला प्राजक्ताचा मेसेज आला, तिने कुणाकडून तरी बातमी काढली होती. चाळीसेक लोक आले, दारात निषेधाचे दोन फलक होते, पोलीस सँडविच खात बसला होता, सर तासभर सांडपाण्यावर बोलले, काहीही झालं नाही. सुटले, असं मी मोठ्याने म्हणाले. खोलीत कुणी नव्हतं, तरी म्हणाले.

सात वाजता दार वाजलं. दाराच्या भिंगातून पाहिलं तर लीना उभी होती, हातात झाकण लावलेलं भांडं. मी घाईने कपाळाला बाम चोळला आणि मग दार उघडलं. "सरांनी दिलंय," ती म्हणाली. "मसुरीचं सूप. ताप असला की त्यांच्याकडे हेच देतात." मी विचारलं, परिचय कुणी करून दिला? "मी. तू लिहिलेलाच वाचला. आधी एक वाक्य माझं घातलं, की मला या माणसाचं म्हणणं पटत नाही. मग पुढे सगळं तुझं." तिने बामाच्या वासाकडे लक्ष न दिल्यासारखं केलं आणि गेली. जिला सर पटत नव्हते ती त्यांच्या शेजारी उभी राहिली होती. जिला पटत होते ती घरी बाम लावून बसली होती. मला भूक लागली होती. मी लिंबू पिळून ते सगळं सूप प्यायले, आणि ते फार चांगलं झालं होतं.

भांडं रिकामं परत करायचं नसतं. दुसऱ्या दिवशी त्यात केशर घालून शिरा नेला. सरांनी विचारलं, "ताप उतरला?" मी म्हटलं, उतरला. "छान," ते म्हणाले, आणि परीक्षेच्या वेळापत्रकाचं बोलू लागले.

पुढे सगळं सुरळीत झालं. पदवी मिळाली, परवाना वेळेवर आला, मला कधीच कुणी काही विचारलं नाही. टेक्सासमध्ये नोकरी लागली. कंपनीत कुणी नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं म्हटलं की मी विचारते, पाचव्या वर्षी हे सांभाळणार कोण? लोकांना वाटतं मी फार अनुभवी आहे. सर आपल्या गावी परत गेले होते. दर ईदला मी मेसेज करायचे, त्यांचं एका ओळीचं उत्तर यायचं, बहुतेक वेळा कचऱ्याच्या गाड्यांबद्दल. मग तिकडून रोज भयंकर बातम्या यायला लागल्या. मी मेसेज करून फोन उशाशी ठेवायचे. 'आम्ही आहोत. पाणी दोन दिवसांआड येतं,' असं उत्तर आलं की जीव भांड्यात पडायचा. आणि लगेच वाटायचं, इकडे तू कसली काळजी दाखवतेस, तिथे चाळीस माणसांसमोर पाच मिनिटं उभं राहवलं नाही तुला.

परीक्षा संपल्यावर जे हलकं वाटतं त्याची मी खूप वर्षं भक्त होते. शेवटचा पेपर देऊन सायकल हाणत घरी येणं, दप्तर कोपऱ्यात फेकणं, आईने विचारायच्या आत 'सोपा होता' म्हणणं. त्या एप्रिलमध्येही मी 'सुटले' म्हणाले होते, पण ते हलकं वाटणं रात्रीपर्यंतही टिकलं नाही. ज्याने पेपर दिला तो सुटतो. मी हॉलमध्ये गेलेच नव्हते, त्यामुळे माझा पेपर दर एप्रिलला पुन्हा समोर यायचा. केदारला मी हे सांगितलं होतं. तो म्हणाला, "अगं, तेव्हा कुणीही हेच केलं असतं." त्याचं बरोबर होतं, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता.

यंदा मार्चअखेर सरांचा फोन आला. पुतणीचं लग्न डॅलसजवळ आहे, रविवारी मोकळा आहे. मी म्हटलं, जेवायला या. डाळीचे गोळे घालून गोळाभात केला, वर मोहरीची गरम फोडणी, वांग्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. सर आता थकलेत. काठी आली आहे, आवाज तोच. सईला त्यांनी विचारलं, "तुमच्या गावचं सरकार तुझ्यासाठी काय करतं?" सई विचार करून म्हणाली, "दे हॅव अ रिअली बिग स्लाइड." सरांनी विचारलं, ती घसरगुंडी साफ कोण करतं? "आय डोन्ट नो. सम गाय." सर केदारकडे वळून म्हणाले, याचा अर्थ काम नीट चाललंय. मग केदार तिला आंघोळीला घेऊन गेला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. टेबलाशी आम्ही दोघंच उरलो.

"सर, व्याख्यानाच्या दिवशी मला ताप नव्हता."

ते भात कालवत होते. "मला माहीत आहे."

"लीनाने सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी नऊ वर्षं नगरपालिका चालवली. बजेटच्या मतदानाला माझ्या अर्ध्या ऑफिसला ताप यायचा. खरा ताप असलेला माणूस इतकं नीटनेटकं ईमेल लिहीत नाही. आणि पोस्टर तर मी रोज येता-जाता बघत होतो."

"मग सूप का पाठवलंत?"

"ताप नव्हता, पण भीती होती ना. भीती वाटणाऱ्यानेही जेवलं पाहिजे."

 मग सर पुढे बोलायला लागले, त्यांच्या वर्गातल्या आवाजात. "मी घाबरणाऱ्याला कधी दोष दिला नाही. साधी माणसं घाबरणारच. चांगलं राज्य कोणतं, तर जिथे साध्या, घाबरट माणसालाही सभ्यपणे वागता येतं, त्यासाठी त्याला शूर व्हावं लागत नाही. कागदावर स्वतःचं नाव राहू द्यायला तुला शौर्य लागत असेल, तर त्यात चूक तुझी नाही. माझ्या गावात मी हेच करायला बघत होतो. फारसं जमलं नाही."

सुंदर बोलले ते. एरवी मी वही आणली असती. आठ वर्षं मी मनातल्या मनात त्यांच्या तोंडून हेच ऐकत आले होते, आणि आता ते प्रत्यक्ष बोलले तरी आतली गाठ होती तिथेच होती. मी म्हटलं, "सर, हे वर्गातलं उत्तर झालं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. आतून सईच्या पाणी उडवण्याचा आवाज येत होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "वाईट वाटलं मला. हॉलमध्ये शिरल्यावर मी पहिल्या रांगेत पाहिलं, वाटलं, शेवटच्या क्षणी आली असेल. मग राग आला. चांगला आठवडाभर होता. त्यात तू तपासलेले पेपर आले, एक चूक सापडेना, तेव्हा तर जास्तच आला."

"मग बोलला का नाहीत?"

"कसा बोलणार? तू माझी टीए. तुझी फी माझ्या सहीवर अडलेली. ज्याचा हात वर असतो त्याने झापलं, तर खालच्याला नुसतं ऐकून घ्यावं लागतं. ते मी आयुष्यभर मोठमोठ्या देशांकडून ऐकून घेतलंय, मला ते करायचं नव्हतं. आता तुझं घर आहे, मी तुझं अन्न खातोय. आता सांगतो. वाईट वागलीस तू, मृण्मयी. मला तू तिथे हवी होतीस."

"हो सर," मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला हसू येत होतं. इतक्या वर्षांत कुणी मला इतकं सरळ बोललं नव्हतं. कुणी रागावल्यावर एवढं बरं वाटतं, हे मला माहीत नव्हतं. मी नाक पुसलं आणि विचारलं, अजून थोडा भात वाढू का?

"वाढ," ते म्हणाले. "पण माझं अजून बोलून झालेलं नाही."